सीटचा दांडा

तळघरात, आलुबुखारच्या बरण्यांमागे
ती उभी होती भिंतीकडे तोंड करून,
वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखी.
बाहेर ओढली, तर डायनामोवरचं कोळ्याचं जाळं
माझ्या कोपराला चिकटून
तिसऱ्या मजल्यापर्यंत आलं.

डॉक्टर एवढंच म्हणाले होते, गुडघ्याला काम द्या.
सायकलचं नाव त्यांनी काढलं नव्हतं.

चेन रॉकेलमध्ये ठेवली दोन रात्री.
नाताळात मासळीचं कालवण करते त्या पातेल्यात नाही,
दुसऱ्या पातेल्यात; सुनेला ते पटलेलं नाही अजून.
ट्यूबवर सात ठिगळं निघाली.
एक पिवळट, हातमोज्याच्या रबराचं:
औषधांच्या दुकानातला मोजा, माझीच कात्री, माझाच घाईचा कोपरा.
तेच एक ठिगळ हवा सोडत नव्हतं.

चाकं फिरली. ब्रेक धरू लागले, आधी रडले मग धरू लागले.
घंटी तर तेलाचा थेंब मिळताच
अख्ख्या जिन्याला उठवून बसली.
सीट मात्र हलेना.

दांडा नळीत गंजून बसला होता.
तेल घातलं, व्हिनेगर घातलं, उकळतं पाणी ओतलं,
लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडा मारला.
दाद म्हणून देईना.
चौतिसाव्या वर्षी मी तिथे पाना आवळला होता
आणि तेव्हाची माझी उंची
त्या लोखंडानं धरून ठेवली होती.
मी मधल्या काळात दोन बोटं खाली आले आहे.
कळलं नव्हतं. आरसाही बरोबर खाली आला असणार.

लोरांतनं खाली बसून पाहिलं, करवतीकडे हात नेला.
"कापून काढतो, एतेल्का नेनी. नवा दांडा, अर्धा तास."
मी म्हटलं, थांब.
का म्हटलं, ते मला दुकानाबाहेर पडेपर्यंत
सांगता आलं नसतं. नंतरही आलं नाही.

तर आता असं आहे:
चढायला मला पदपथाची कड लागते,
उतरायलाही लागते.
पाय जमिनीला पुरत नाहीत, फक्त बूट टोक टेकतो.
म्हणून सेगेदमध्ये मी एकसष्ट वर्षं राहिले
आणि कडा आत्ता पाहते आहे.
बेकरीची पायरी चांगली, पण सकाळी तिथे कुत्री बांधतात.
ट्रामच्या थांब्याची कड जरा जास्तच उंच,
तिथून निघताना मी कुणी सरदारीण वाटते.
सिग्नलपाशी खांब धरायचा. खांब गार असतो.
एकदा लाल दिव्याला खांबच नव्हता,
तेव्हा एका अनोळखी माणसाचा खांदा धरला.
त्यानं हिरवा होईपर्यंत मान वळवली नाही.
भला माणूस, कानात केस होते.

तिसाच्या बांधावर मात्र काही धरावं लागत नाही.
वाटेत थांबायचंच नसतं.
पॉप्लरचा कापूस तोंडात जातो, थुंकायचा,
आणि गुडघा आधी कुरकुरतो
मग त्याला दुसरं काही सुचतं.

काल थेट तरीपर्यंत गेले.
उतार होता, कड नव्हती, ब्रेक दाबत दाबत
लोखंडी फळीवरून धडधडत आतच शिरले
आणि कठडा हाताशी आला तो घट्ट धरला.
तशीच बसून राहिले. पाय लोंबत.
तरवाला ओरडला, उतरा, माणसाचं वेगळं तिकीट, सायकलचं वेगळं.
मी म्हटलं, उतरलेच नाही तर?
तो विचारात पडला.
तर सुटली होती. खाली तपकिरी पाणी,
त्यावर लोखंड, त्यावर रबर, त्यावर मी,
भुईला कुठेच न टेकता
पलीकडे चाललेली.

त्यानं एकच तिकीट फाडलं. सायकलचं.

दर गुरुवारी लोरांत विचारतो, कापू का?
मी म्हणते, हवा भर.