न कळल्यावर

पोरवाल सेठ म्हणाले, रेवतीबाई, तक्ता करा.
तीन कंपन्या, तीन भाव,
दिवाळीच्या आत एक यंत्र-कारकून ठरवून टाकू.

त्याला हातपाय नसतात हे मी
दवाबाजारच्या दुसऱ्या मजल्यावर चारदा समजावलं.
तो आपल्याच संगणकात बसतो,
आपण जिथे टिचकी मारतो तिथेच मारतो,
ऑर्डर उचलतो, बिलात टाकतो,
बॅच नंबर, मुदत, जीएसटी,
आणि चहाला उठत नाही.
मग ठीक, सेठ म्हणाले.

पहिला पुण्याचा. गळ्यात पट्टा, पडद्यावर निळे बाण.
परवाना दर यंत्रामागे, दर वर्षी,
शिकवणीचे पैसे वेगळे.
आकडा ऐकून सेठांनी पंखा एकने वाढवला.

दुसरा इथलाच, विजयनगरचा पोरगा,
दर प्रश्नाला "हो जाएगा भिया".
स्वस्त. पण बिलाच्या पडद्यावरचं बटण
मी बोटभर बाजूला सरकवलं,
तर त्याचा कारकून रिकाम्या जागेवरच
टिचक्या मारत राहिला,
मालक गावाला गेलेल्या दुकानाचं
शटर वाजवावं तसा.

तिसरा फुकट.
म्हणजे सॉफ्टवेअर फुकट, चालवणारा पगारी,
आणि तसा माणूस आमच्याकडे नाही
सेठांचा भाचा सोडला तर.
भाचा सोडलाच.

रकाने मी आखले. किंमत, वेग, सुरक्षा,
बिघडल्यावर फोन कोण उचलतं.
एक सेठांनी सांगितला: वाचणारे तास.
तिथे मी लिहिलं, महिना एकशे नव्वद,
आणि शेजारच्या टेबलाकडे पाहिलं.
एकशे नव्वद तास डबा उघडून
लोणच्याची फोड पोळीवर ठेवत होते.
टाकळकरकाका. सत्तावीस वर्षं याच खुर्चीत,
खुर्ची मात्र दोनदा बदलली.

परीक्षेला तिघांना सारख्याच पन्नास ऑर्डरी दिल्या,
हाताने लिहिलेल्या, मोबाईलवर फोटो काढून आलेल्या,
एकीवर तेलाचा डाग.
तेहतिसावी होती सनावदची, बालाजी मेडिकल.
सनावदला बालाजी मेडिकल दोन आहेत.
भाऊ वेगळे झाले, नाव दोघांनीही सोडलं नाही.
थोरल्याला चाळीस दिवसांची उधारी,
धाकट्याला रोख.

पुण्याच्याने थोरल्याच्या खात्यात टाकली. क्षणात. हिरवी खूण.
विजयनगरच्याने दोघांनाही माल पाठवला.
फुकटचा थांबला.
छोटी पिवळी चौकट आली:
नाव जुळतंय, खाती दोन आहेत, माणसाला विचारा.

त्याला चालवायला आलेली मुलगी ओशाळली,
म्हणाली, ही अडचण काढून टाकता येईल मॅडम.
नको, मी म्हटलं.

काका मान वर न करता बोलले,
कागदावर 'गोळी' लिहिलंय की 'टॅबलेट'?
गोळी.
मग धाकटा.

त्या संध्याकाळी तक्त्याला मी शेवटी एक रकाना जोडला,
न कळल्यावर काय करतो.
सेठांचं बोट किमतीवरून सरकत सरकत तिथे आलं.
हे काय?
सेठजी, गल्ल्यावर नवा पोरगा बसवता
तेव्हा आधी काय बघता?
ते बराच वेळ खिडकीबाहेर
हातगाडीवरचे सलाइनचे खोके उतरताना बघत राहिले.
मग म्हणाले, त्या मुलीचा पगार काय पडेल विचारा.

असं ठरलं. कारण लिहायच्या जागी
मी 'किंमत' लिहिलं,
ऑडिटवाल्यांना तेच वाचता येतं.

वाचणारे तास खोडायला विसरले,
किंवा विसरले नाही.
काकांना कुणी काही सांगितलेलं नाही
आणि त्यांना सगळं ठाऊक आहे.
काल निघताना पिशवी खांद्याला लावून ते माझ्या टेबलाशी थांबले.
म्हणाले, तुझ्या त्या यंत्राला सांगून ठेव,
धाकटा गुरुवारी दुकान उघडत नाही,
माल बुधवारीच पोचला पाहिजे.
आणि बडवाहच्या जोशीणबाई, त्यांची सही डावीकडे असते,
उजवीकडे असली तर मुलाने केलीय, फोन करायचा.

मी लिहून घेत होते.
त्याला रकाना नव्हता,
तक्त्याच्या पाठीमागे लिहीत होते,
आणि ते सांगतच होते.