उतरलेल्या तारा

काउनसच्या शाळेत, व्यायामशाळेच्या कोपऱ्यात,
दोरउड्यांच्या ढिगामागे तो उभा. काळा.
एका चाकाखाली वीट.
"शेवटचा कधी लावला, कुणालाच आठवत नाही,"
मुख्याध्यापिका म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून,
"आणि मधली पाच वर्षं तुम्ही...?"

घरी होतो. मुलगी.
एवढंच म्हटलं. वाक्य पुरं करायची सवय गेलीय;
पाच वर्षं माझं प्रत्येक वाक्य कुणीतरी
डाव्या पायाचा बूट मागून मध्येच तोडलंय.

झाकण उघडलं. आत पेन्सिली, दोन सेंट,
वाळलेली माशी, कुणाचा तरी दुधाचा दात.
दात खिशात टाकला. का, माहीत नाही.
हत्यारांच्या पिशवीत तळाशी
स्मिल्तेचा प्लास्टिकचा पाणघोडा,
स्वरकाटा दातांत धरून.

काटा गुडघ्यावर आपटला, कानामागच्या हाडाला टेकवला.
भीती होती ती हीच.
कान म्हणजे सायकल नव्हे, टांग टाकली की निघाली.
रोज लावावा लागतो. आणि मी तो
पाच वर्षं कशाला लावून बसलो होतो?
भिंतीपलीकडच्या श्वासाला.
ऑद्रोने रात्रपाळीला, पहाटेचे तीन,
खोकला कोरडा की ओला,
मिनिटाला अडतीस, चाळीस,
कुठली शांतता झोपेची
आणि कुठली भिंतीवर खडू चालवणारी.

दोन तारा एकदम वाजवल्या.
मध्ये थरथर. सेकंदाला तीन.
खुंटी केसाएवढी वळवली. दोन.
अजून जराशी. एक,
आणि मग ती लांबत गेली,
ताप उतरताना लांबतो तसा श्वास...
ऐकू येतंय.
अरे, ऐकू येतंय!

मनगट मात्र गेलंय. अर्ध्या तासात भरून आलं.

न लावलेला पियानो लगेच बेसूर होत नाही.
सगळ्या तारा एकमेकींना धरून
हळूहळू खाली उतरतात,
आपापसात जवळजवळ बरोबर.
म्हणून घरात कुणाला कळत नाही.
बाहेरचा काटा लागतो.
आणि एका दमात वर ओढायचा नसतो,
हे मीच शिकाऊ पोरांना सांगायचो.
ओढला.
वरच्या सप्तकात एक तार फटकन तुटली,
गालावर बारीक ओरखडा.
पूर्वी असं कधी

साडेबाराला डबा उघडला.
माझ्याच पावाच्या कडा मी कापून ठेवलेल्या,
काकडीचे चांदोबा केलेले.
झाकणावर पालथा ठेवलेला फोन उलटून पाहिला.
बालवाडीतून काही नाही. म्हणजे रडली नाही.
बरं वाटायला हवं होतं.
वाटलं, जरा उशिरानं.

"झाला?" मुख्याध्यापिका दारातून.
आज नुसता जवळ आणलाय.
आठवड्यात पुन्हा थोडा उतरेल, तो उतरतोच.
मंगळवारी येतो. नवी तार घेऊन.
पण चारच्या आत निघेन,
तिला आणायला मीच जातो.

त्यांनी वहीत लिहून घेतलं:
मंगळवार. तार. चारच्या आत.