सेव्हेरियानची मनधरणी

डोंगराला भेग पडली तेव्हा ती बोटभर होती
आणि मी नगरपालिकेत नवी.
साहेब म्हणाले, वरच्या आळीत एकच घर उरलंय.
तू गोड बोलतेस, तू जा.

पहिल्या खेपेला नकाशा नेला.
लाल रेघ त्याच्या अंगणातून जात होती.
सेव्हेरियानने चष्मा शोधला, नकाशा आधी उलटा धरला, मग सुलटा,
म्हणाला, छान काढलाय.
अक्रोडाचं झाड मात्र राहिलं.

दुसऱ्या खेपेला आकडे. किती घनमीटर माती,
किती सेकंदांत.
तिसऱ्या खेपेला पलीकडच्या खोऱ्यातले फोटो:
छपरावर चिखल, चिखलावर एक पाळणा.
तो बराच वेळ बघत राहिला,
मग उठून माझ्यासाठी
घेवडा भरलेली भाकरी गरम करायला गेला.

चौथ्यांदा त्याच्या मुलीला फोन लावून दिला, कुताइसीला.
ती रडली.
त्याने फोन टेबलावर ठेवला, पालथा नाही, उताणा,
आणि तिचं रडणं संपेपर्यंत
त्याच्याशेजारी बसून राहिला.
मग वाकून विचारलं, जेवलीस का?

पाचव्यांदा मी ओरडले.
ते सांगत नाही.

सहाव्यांदा नव्या घराची स्तुती.
नळाला गरम पाणी, दाराला दोन कड्या, बाल्कनी.
बाल्कनी कुठल्या दिशेला?
मला माहीत नव्हतं.
बघ, तो म्हणाला.
एवढंच. बघ.

सातव्या खेपेला भेगेत माझा हात कोपरापर्यंत गेला.
फाईल गाडीतच राहिली होती, की मीच ठेवली, आठवत नाही.
मी पायरीवर बसले.
कुंपणाकडेला एकोणीस पेट्या,
निळा रंग उडालेला,
मधमाशा आपल्या येत होत्या, जात होत्या.
खरंच कुतूहल वाटलं म्हणून विचारलं,
ह्यांना हलवायचं झालं तर कसं हलवतात?

"दिवसा नाही," तो म्हणाला. "अर्ध्या बाहेर असतात.
अंधार पडला की. सगळ्या घरी आल्या की.
दाराशी ओल्या गवताचा बोळा,
गच्च नाही, जीव गुदमरतो.
पट्टे आवळायचे. गाडी सावकाश.
आणि जवळ नेऊन उपयोग नाही.
कोसभरावर नेलं तर सकाळी उठून
जुन्या जागी परत येतात,
पेटी नसलेल्या जागेवर घिरट्या घालतात.
दोन कोस तरी हवेत."

थांबला. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरला.
"तुमची ती घरं किती लांब?"

सात किलोमीटर, मी म्हणाले.
पुढचं वाक्य जिभेवर तयार होतं,
चांगलं होतं,
ते गिळलं.

"आणि बाल्कनी?"
पूर्वेला. या वेळी उभी राहून पाहून आले होते.

गोचा एरवी गाडी अशी हाकतो
की कोंबड्यासुद्धा त्याला नावाने ओळखतात.
त्या रात्री तो बैलगाडीच्या चालीने उतरला,
एकेका वळणावर श्वास धरून.
मागे पेट्यांच्या मधोमध सेव्हेरियान,
एका पेटीला कान लावून,
जसं दुसऱ्या खोलीतलं बोलणं ऐकावं.

कचेरीच्या फॉर्मवर एक रकाना असतो:
मन वळवण्यासाठी कोणती पद्धत वापरली.
मी लिहिलं, दिवसा नाही.
साहेबांनी दोनदा वाचलं.
शिक्का मारला.

मधमाशा रुळल्या. लिंडनला फुलं आली.
तो मात्र मधूनच सकाळच्या बसने वर जातो.
नाक्यावरचा पोलीस मला फोन करतो.
मी जाते.
तो अक्रोडाखाली असतो, टोपी हातात,
घर होतं त्या बाजूला पाठ करून.
मी काही बोलत नाही.
शेजारी थांबते. ऊन सरकतं.
मग कधीतरी तो गाडीत बसतो,
मी वळसा घालून माझ्या बाजूला येते.

"दार हळू लाव," तो म्हणतो.