निळा नळ

रुवीत जून लागला की
थंड पाण्याचा नळच आधी भाजतो.
गच्चीवरची टाकी दिवसभर उन्हात;
म्हणून गीझर बंद ठेवायचा
आणि अंघोळीला लाल खुणेचा सोडायचा.
हे शिकवलं चौथ्या मजल्यावरच्या तस्नीमभाभीनं,
माहेर म्हसळ्याचं.
म्हणाली, निळ्यावर इस्वास ठेवायचा नाय हितं.

तो ऑफिसला जाताना एसीचा रिमोट
लॅपटॉपच्या बॅगेत टाकतो.
वीज वाचते, म्हणतो.
रात्री दुकानाची पावती बैसापर्यंत जुळवतो,
कोथिंबिरीशी थांबतो:
दोन जुड्या?
कोण येऊन गेलं?

शुक्रवारी आईचा व्हिडिओ कॉल.
तो समोरच्या खुर्चीत, कॅमेऱ्यात न येईल असा,
सफरचंद सोलत.
वाळलीस गं, आई म्हणते.
इकडचं ऊन, मी म्हणते.
साल न तुटता बशीत उतरत राहते.

मारलं त्यानं तीनदाच.
हा 'च' माझा आहे, त्याचा नाही.
पहिल्यानंतर कानातलं. दुसऱ्यानंतर पाटल्या.
तिसऱ्या वेळी मत्राहच्या सूकमध्ये सोनारानं विचारलं,
ताईंना काय आवडतं?
तिला सगळंच आवडतं, तो म्हणाला.
नणंदेचा मेसेज आला: नशीब काढलंस.

साडेचार तोळे झालेत.
लॉकरमध्ये असतात, माझ्या पासपोर्टाशेजारी.
चावी त्याच्या कमरेला,
फक्त अंघोळीपुरती खुंटीवर.

भाभीच्या फोनवर दूतावासातली बाई म्हणाली होती,
नंबर तरी सांगता येईल का?
एक अक्षर, सात आकडे.
एका दमात वाचायला गेले तर डोळ्यांपुढे मुंग्या,
म्हणून रोज एकच.
पाण्याचा आवाज थांबायच्या आत
चावी खुंटीवर, मी ओट्याशी.
परातीतल्या कणकेवर बोटानं लिहायचा,
बघायचा,
मळून टाकायचा.
त्याच पोळ्या तो डब्यात न्यायचा.
आठ अंघोळी लागल्या.

आज सकाळी टेबलावर रिमोट होता.
दारातून वळून म्हणाला, इतका मऊ,
हेमा, उकडत असेल ना गं तुला.

लिफ्ट खाली गेल्याचं ऐकलं.
रिमोटला हात लावला नाही.
कणीक तशीच झाकून ठेवली
आणि जिन्यानं वर गेले,
आकडे पुटपुटत,
हात पिठाचेच.