तिसरी पिन

ॲम्प्लिफायर चालू केला की गाण्याआधी
महावितरण गातं.
एकच सूर, पांढरी पाचच्या केसभर वर,
श्वास न घेता, समेची वाट न बघता.
छत्तीस वर्षं रबाळ्याच्या कंपनीत
मीटरचे काटे शून्यावर आणले मी;
घरातलं शून्य मात्र घुमतं.

बोर्ड उघडला.
पुढे भोकं तीन, मागे तारा दोन.
तिसरं नुसतं शोभेचं,
आत कोळ्याचं जाळं.
ऐरोलीच्या सेक्टर तीनमध्ये
तळमजला धरून चार मजले, सोळा घरं,
आणि कुणाच्याच विजेला अर्थ नव्हता.

सेक्रेटरी अंबवणे म्हणाले, तीस वर्षं चाललंच ना.
चाललं.
तरी टाकीमागे मी आणि वॉचमन चौहान
सहा फूट खणत गेलो.
तांब्याचा पत्रा, त्यावर कोळसा, खडेमीठ,
पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ.
पोरं विचारत होती, काका, काय पुरताय?
काय सांगणार.
उन्हाळ्यात तिथे रोज बादलीभर पाणी ओततो.
कोरडा पडला की अर्थ काम करत नाही.

घुमणं उतरलं. राहिली करकर.
रात्री अकरानंतर, तुटक तुटक,
स्पीकरच्या आत बसून कुणी सुपारी कातरावी तशी.
जुना ट्रान्झिस्टर दोन स्टेशनांमधल्या
रिकाम्या जागेवर लावला,
कानाशी धरून जिना चढलो.
पहिल्या मजल्यावर चुरचुर,
दुसऱ्यावर तापलेलं तेल,
तिसऱ्यावर शालन शेडगेचं दार.

मशीनच्या मोटरीत कार्बन झिजलेले,
निळ्या ठिणग्या.
लग्नाचे बावीस ब्लाउज, परवा द्यायचे.
"तुमच्या गाण्यात माझी शिलाई येते होय?
मग बंद करू?"
तिच्या आवाजात 'बंद करू' नव्हतं,
'सांगून तर बघा' होतं.

पाच मिनिटं द्या म्हटलं.
कार्बन बदलले, कपॅसिटर टाकला,
आणि तिच्या बोर्डात, फेज आणि न्यूट्रलच्या मधे,
ती निळी चकती,
जुन्या चार आण्याएवढी,
जी एरवी काहीच करत नाही.
लाट आली तर आधी आपण जळते, एवढंच.
खिशात एकच होती.
माझ्यासाठी उद्या आणू.

उद्या आणू.

मेमधल्या एका गुरुवारी, दुपारी सव्वातीनला
खांबावरचं न्यूट्रल तुटलं.
ट्यूबलाइट आधी दुधासारख्या झाल्या, मग काळ्या.
अंबवणेंचा फ्रिज, पहिल्या मजल्यावरचे तीन टीव्ही,
चौहानच्या मोबाइलचा चार्जर;
जिनाभर जळक्या वार्निशचा वास.
माझा खड्डा बिचारा बघत राहिला,
हे संकट त्याच्या खात्याचं नव्हतं.

वर जाऊन तिचा बोर्ड उघडला.
चकती फुटलेली, दोन काळ्या फाका.
जाताना फ्यूजला सोबत घेऊन गेली.
मशीन शाबूत.
माझा डावा चॅनल गेला.

आता संध्याकाळी उजव्या बाजूनेच ऐकतो.
तबला खोलीत आहे,
पेटी भिंतीपलीकडे, शेजाऱ्यांकडे असल्यासारखी.
अकरानंतर कान देतो, करकर नाही.
शालन शिवतेय की झोपली
हे कळायची सोय मीच काढून टाकली.

परवा तिच्या मुलाच्या हाती
ॲम्प्लिफायरला खोळ आली,
ब्लाउजच्या उरल्यासुरल्या तुकड्यांची, कडेला जरीचा काठ.
"आई विचारतेय, यानं वीज थांबते का?"
धूळ थांबते, म्हटलं.
तो गेल्यावर खोळ घातली,
आणि जर मागच्या टर्मिनलला टेकू नये
म्हणून तेवढा काठ
हलकेच आत दुमडला.