पानथरी

अफजल मणेर, गोलकीपर, वय एकोणीस.
गुडघा लागला बरगडीखाली
आणि दुखतोय म्हणतो डावा खांदा.
घेऊन आलेली पोरं हसली.
चौगुले सर हसले नाहीत.
त्याच्या पोटावरचा हात न काढताच म्हणाले,
"सिस्टर, थिएटर. आत रक्त आहे."

पोटातलं रक्त श्वासाच्या पडद्याला भिडतं
आणि खांद्याच्या नावानं हाका मारतं.
बावीस वर्षं चिमटे-कात्र्या देतेय मी,
अजून नवल वाटतं:
दुखणं आपला पत्ता सरळ सांगत नाही.

उघडलं. उपसलं.
बरगड्यांमागं ती, मूठभर, जांभळी,
मधोमध तडकलेली.

मी नवी होते तेव्हा
हे दिसलं की मोठे सर नुसता हात पुढं करायचे,
मी मोठा क्लॅम्प द्यायची,
दहा मिनिटांत पानथरी ट्रेमध्ये.
"हिच्यावाचून माणूस जगतो," म्हणायचे.
जगतो.
वळिवड्याची एक पोर दोन वर्षांनी
साध्या तापानं आली,
तिनं सकाळ बघितली नाही.
तिचं नाव मी कुणाला सांगत नाही.

सवयीनं क्लॅम्प हातात घेऊन उभी होते.
सरांनी हात पुढं केला नाही.
"थांबूया," म्हणाले,
आणि दाबून धरली नुसती.
भिंतीवरच्या घड्याळात आठ मिनिटं.
भूलवाल्या बाई म्हणाल्या, "प्रेशर धरतंय."

टाका घालावा
तर खरवसात दोरा ओढावा तशी चिरत जाते.
मग जाळी मागितली, विरघळणारी,
अख्खी पानथरी तिच्यात बांधली.
गोलकीपरचं पोर,
जाळीत गेलं
आणि कुणी शिट्टी मारली नाही.

बाहेर दोन्ही पेठांची पोरं, मळक्या जर्सीत,
रक्ताच्या रांगेत पुढं कोण यावरून भांडत होती.
ज्याचा गुडघा लागला तो जिन्याखाली एकटा,
बूट काढून मांडीवर घेतलेले.

आई महाद्वार रोडवर बांगड्या भरते.
सरांनी सांगितलं, जाळी, तीन महिने खेळ बंद,
अजून दोन रात्री धोक्याच्या.
तिनं सगळं ऐकून विचारलं,
"एवढी नाजूक, मग हात कसा लावला?"
सर अडखळले.
तिनं माझाच हात धरला,
अंगठा आत दुमडला, बोटं जुळवली,
"जोर बांगडीला लावायचा नसतो, बाई.
हात मऊ करून घ्यायचा."

रात्री हत्यारं मोजली. भरली.
मोठा क्लॅम्प कोरडाच होता.
तरी धुतला.