पोटावर की कुशीवर

प्रज्योतीनं पुस्तक दिलं ते खाकी कागदात गुंडाळून,
जणू आत सुके बांगडे आहेत
आणि बसभर वास सुटेल.
सहाशे चाळीस पानं. मुखपृष्ठावर
पंखांचा राजपुत्र, छातीची बटणं उघडी,
मागे किल्ला जळतोय आणि त्याला त्याचं काही नाही.

माशेल ते कुंडई पंचवीस मिनिटं.
बाणस्तारीच्या बाजारादिवशी पस्तीस.
मी शुक्रवारची वाट बघायला लागले.

आधी तक्रारी सांगते, माझं कामच ते.
फॅक्टरीत दिवसभर पट्ट्यांवरून नजर फिरवायची,
दहा कप्पे, दहा गोळ्या,
एक कप्पा रिकामा दिसला की पट्टी बाहेर.
तर त्याच्या डोळ्यांना सात पानं,
तिच्या आईच्या मरणाला अर्धी ओळ.
तीनशे वर्षं जगलेला माणूस,
पाण्याचा तांब्या अजून दुसऱ्यानं आणायचा.
कुणी भांडी घासत नाही. कुणाला पाळी येत नाही.
तलवारीचा घाव एका चुंबनानं भरतो,
आम्ही इथे मलमाच्या एका बॅचवर
अठरा सह्या करतो.
आणि पंख एवढे, की दारातून तिरका होऊन जातो.
मग झोपतो कसा? कुशीवर?
कुठे लिहिलेलं नाही.

'तुझ्यासाठी हे अख्खं राज्य जाळीन,' म्हणतो तो.
प्रज्योतीनं तिथे पेन्सिलीनं बदाम काढलाय.
मला आधी त्या राज्यातली एक बाई दिसली,
जिनं नुकतेच तांदूळ भिजत घातलेत,
अंगणात सोलं वाळत टाकलीत,
जिला अजून कुणी विचारलेलं नाही.

मग येतो तो शाप.
रोज पहाटे तो सगळं विसरतो.
ती उशाशी बसून सांगते,
माझं नाव हे, मी नकाशे काढते,
आपलं लग्न झालंय, घाबरू नकोस.
रोज. नऊ वर्षं.
आणि एका पहाटे, दमली असेल,
ती म्हणते, मी वाटसरू. रात्रीपुरती थांबले होते.
तो उठतो. चूल पेटवतो. तिला पेज वाढतो,
परक्या माणसाला वाढावी तशी, जपून,
आणि विचारतो, मीठ बरोबर आहे ना?
नऊ वर्षांत पहिल्यांदा विचारतो.

या ओळीपाशी माझा थांबा गेला.
खांडोळ्याला उतरले, चालत मागे आले,
एका हातात डबा, दुसऱ्या हाताचं बोट पानात.

उल्हास काहीच विसरत नाही.
सिलिंडर कधी लावला, विम्याचा हप्ता,
माझ्या भावानं दोन हजार अकरा साली नेलेली शिडी.
हाक मात्र लग्नापासून 'गो'.
गो, पोदेर येऊन गेला?
वाईट नाही ती हाक. तिच्यात मी मावते, बहुतेक.
त्या रात्री हुमण वाढून
ताटाजवळ जरा जास्त वेळ उभी राहिले,
मिठाबद्दल कुणी कुणाला काही विचारतंय का बघत.
तो जेवता जेवता म्हणाला,
'शिडी काही आणून दिली नाही गो त्यानं.'

शेवटची दीडशे पानं लढाई. भरभर उलटली.
शाप सुटतो, सुटणारच.
त्याला सगळं आठवतं, नऊ वर्षांच्या सगळ्या पहाटा.
त्या वाटसरूची तेवढी लेखिकेनं
पुन्हा काढलीच नाही.
एक कप्पा रिकामा.
दुसरी कुठली पट्टी असती तर बाहेर टाकली असती.
ही पुढे जाऊ दिली.

सोमवारी पुस्तक परत, त्याच कागदात.
'कशी वाटली?'
बरी आहे, म्हटलं, लांबण फार.
आणि एवढ्या पंखांचा माणूस झोपतो कसा,
त्याचा कुठे पत्ता नाही.
बस भोमाच्या वळणावर कलंडली.
प्रज्योतीनं दांडी धरली, माझ्याकडे न बघता म्हणाली,
'पोटावर. पान चौऱ्याण्णव.
गाळलंस तू.'